विश्लेषण : ब्रिटनची नवी कोरी आठ चिनूक वर्षानुवर्षे हँगरमध्येच का पडून राहिली?

अफगाणिस्तानातील हेल्मंड प्रांतात 2006 पासून ब्रिटिश सैनिक लढत होते आणि हेलिकॉप्टर कमी पडतात म्हणून ब्रिटिश संसदेत सरकारला धारेवर धरले जात होते. त्याच काळात बॉस्कम्ब डाउन या हवाई तळावर आठ नवीकोरी चिनूक हेलिकॉप्टर तापमान नियंत्रित हँगरमध्ये उभी होती. इंजिने ठीक, पंखे ठीक, पैसे चुकते केलेले. तरीही ती मोहिमेवर पाठवता येत नव्हती. अडचण होती कॉकपिटमधल्या सॉफ्टवेअरची.

ही हेलिकॉप्टर कशासाठी घेतली होती?

ब्रिटनने 1995 मध्ये बोइंगकडे 14 चिनूकची मागणी नोंदवली. त्यातील आठ ‘मार्क 3’ प्रकारची, म्हणजे विशेष दलांसाठी होती. या दलांचे काम रात्रीचे आणि शत्रूच्या मुलखातले. रडारला दिसू नये म्हणून हेलिकॉप्टर जमिनीलगत न्यावे लागते, हवामान कसेही असो. चिनूकला पुढे-मागे दोन मोठे पंखे असतात आणि ते एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे शेपटीच्या पंख्यावर शक्ती खर्च होत नाही, सगळी वजन उचलण्यात वापरली जाते. मागचा रॅम्प उघडला की पूर्ण तुकडी काही क्षणांत बाहेर पडते. फक्त मागची चाके डोंगरकड्याला टेकवून, पुढचा भाग हवेत ठेवूनही सैनिक उतरवता येतात.

मार्क 3 ला यापेक्षा अधिक हवे होते. लांबच्या पल्ल्यासाठी फुगीर इंधन टाक्या बसवल्या आणि कॉकपिटमध्ये आधुनिक प्रणाली आल्या. अमेरिकी लष्कराच्या विशेष दलांकडे अशी सुविधा असलेले एमएच-47ई हे चिनूक आधीच होते. ब्रिटनला साधारण तेच हवे होते, पण कमी पैशात.

मग घोटाळा कुठे झाला?

खर्च वाचवण्यासाठी पूर्ण डिजिटल कॉकपिट घेण्याऐवजी जुनी काटेवाली उपकरणे आणि नव्या डिजिटल प्रणाली यांचा मेळ घालायचे ठरले. जगात असे दुसरे चिनूक नव्हते. 2001 च्या अखेरीस ही हेलिकॉप्टर करारानुसार स्वीकारली गेली आणि तेव्हा प्रश्न आला : हे सॉफ्टवेअर सुरक्षित आहे हे सिद्ध कसे करायचे?

ब्रिटिश लष्करी नियमांनुसार उड्डाणाला परवानगी देण्याआधी सॉफ्टवेअर कसे लिहिले, कसे तपासले याचे पुरावे लागतात. ते पुरावे आणि कोड तपासू देण्याची अट करारात नव्हती. सोर्स कोड ही पुरवठादारांची मालमत्ता. तो मिळवणे महाग होते आणि मिळाला तरी जुन्या पद्धतीने लिहिलेला कोड नव्या निकषांवर उतरेल याची खात्री नव्हती. दुसऱ्याने लिहिलेला, कागदपत्रे नसलेला जुना कोड ज्यांच्या गळ्यात कधी पडला आहे, त्यांना ही अडचण वेगळी सांगायला नको.

बोइंगने करार मोडला नव्हता. करारच अपुरा होता. लष्कराने अत्यावश्यक ठरवलेल्या 100 बाबींपैकी केवळ 45 त्यात होत्या. शेवटी परवानगी मिळाली ती 500 फुटांच्या वर, स्वच्छ हवेत, वैमानिकाला खालच्या खुणा दिसत असतील तेव्हाच उडण्याची. रात्री जमिनीलगत जाण्यासाठी घेतलेल्या हेलिकॉप्टरला!

नियम इतके कडक का?

त्यामागे एक जखम आहे. 2 जून 1994 रोजी स्कॉटलंडमधील मल ऑफ किनटायर येथे मार्क 2 प्रकारचे चिनूक कोसळून 29 जणांचा मृत्यू झाला. इंजिनाला किती इंधन द्यायचे हे ठरवणाऱ्या फेडेक या संगणकीय प्रणालीच्या कोडबद्दल चाचणी तज्ज्ञांनी आधीच शंका घेतली होती. कोडचा पाचवा हिस्साही तपासून झाला नव्हता, तोवर शेकडो त्रुटी सापडल्या होत्या. अपघात सॉफ्टवेअरमुळेच झाला हे सिद्ध झालेले नाही. मात्र वैमानिकांवर ठेवलेला गंभीर निष्काळजीपणाचा ठपका 2011 मध्ये पुसला गेला. या पार्श्वभूमीवर ‘उडवून तर बघू’ असे म्हणणे कोणाला शक्य नव्हते.

पुढे काय झाले?

विशेष दले तोपर्यंत रात्रीच्या उड्डाणासाठी तात्पुरती उपकरणे बसवलेली जुनी चिनूक वापरत राहिली. दुरुस्तीची एक योजना आखली गेली, पण अफगाणिस्तान थांबायला तयार नव्हते. मार्च 2007 मध्ये सरकारने उलटा निर्णय घेतला : नव्या प्रणाली काढा, जुने साधे कॉकपिट बसवा. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने, म्हणजे तिथल्या ‘कॅग’ने, 2008 च्या अहवालात हिशोब मांडला. 25 कोटी 90 लाख पौंडांची ही खरेदी 42 कोटी पौंडांच्या पुढे जाणार होती. संसदेच्या लोकलेखा समितीच्या अध्यक्षांनी संरक्षण मंत्रालयाची जाहीर खरडपट्टी काढली.

बदललेले पहिले हेलिकॉप्टर 2009 मध्ये उडाले. नंतरच्या सुधारणेत याच चिनूकना पुन्हा पूर्ण डिजिटल कॉकपिट मिळाले. तेच सुरुवातीला घेतले असते तर? असो.

भारताने काय केले?

भारताने सप्टेंबर 2015 मध्ये 15 चिनूकचा करार केला आणि 25 मार्च 2019 रोजी चंडीगड येथे त्यांतली पहिली हेलिकॉप्टर हवाई दलात दाखल झाली. ती सीएच-47एफ या प्रचलित, डिजिटल कॉकपिटच्या मालिकेतील आहेत. अर्धे जुने, अर्धे नवे असा प्रयोग आपण केला नाही. त्यांतल्याच एका चिनूकने एप्रिल 2022 मध्ये चंडीगड ते जोरहाट हे 1910 किलोमीटरचे अंतर साडेसात तासांत न थांबता कापले.

सोर्स कोडचा प्रश्न मात्र आपल्यालाही सुटलेला नाही. परदेशी विमानावर स्वदेशी क्षेपणास्त्र बसवायचे म्हटले की तो पुन्हा समोर येतो. किमतीची घासाघीस महिनोन्महिने चालते. कोड पाहण्याचा हक्क कोणाकडे राहणार, हे मात्र सही होण्यापूर्वीच लिहून घ्यावे लागते, कारण त्यानंतर पुरवठादाराला ते देण्याची गरज उरत नाही.