गोष्ट ओळखीची, भाषा तिबेटी

यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबच्या बाजारात मराठीच्या जोडीने बंजाऱ्यांची गोरमाटी कानावर पडते आणि पुस्तक न उघडताही अनेकांना ती कळते. तिबेटीची सुरुवातही अशीच कानाने करावी. बोलणारी माणसं विदर्भातच आहेत. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावाजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे.

लिपीचा मोह आवरा. तीस व्यंजनं, आणि तीही क, ख, ग, ङ अशा आपल्याच क्रमाने. वाटतं, आठवड्यात जमेल. पण तिबेटी लेखन जुन्या उच्चारांना धरून बसलंय. ‘आठ’ या अंकासाठी ब, र, ग, य, द अशी अक्षरं लिहितात आणि ऐकू येतं ‘ग्ये’. वाचत शिकलेल्याचा कान इथेच फसतो.

त्यापेक्षा गोष्ट घ्या, आणि तीही आधीपासून ठाऊक असलेली. तिबेटीत ‘रो-डुङ्’ म्हणजे प्रेताच्या गोष्टी घरोघरी सांगतात. हा आपल्या वेताळपंचविशीचाच तिबेटी अवतार. विक्रमाच्या जागी एक मुलगा; त्याला स्मशानातून प्रेत आणायला पाठवतात बौद्ध आचार्य नागार्जुन, ज्यांचा जन्म तिबेटी परंपरा विदर्भातला मानते. वाटेत बोलायचं नाही ही अट. प्रेत गोष्ट सांगतं, मुलाच्या तोंडून उद्गार निघतो, प्रेत परत स्मशानात. पुढे काय होणार हे माहीत असल्याने सगळं लक्ष भाषेवर देता येतं.

पहिल्यांदा ऐकताना फक्त सांधे पकडा. ‘ङोन्मा’ म्हणजे पूर्वी, ‘तेने’ म्हणजे मग. क्रियापद मराठीसारखं शेवटी येतं. ‘जाऊन, पाहून, उचलून’ अशी आपली साखळी असते, तशीच तिथे ‘-ने’ लावून ओवतात. ‘मला’ला ‘ङा-ला’ म्हणतात. हा ‘ला’ योगायोगाचा, पण सोयीचा.

दुसऱ्यांदा वाक्याचं शेपूट ऐका. खरी तिबेटी तिथे आहे. ‘खो छिन्-सोङ्’ म्हणजे तो गेला, आणि बोलणाऱ्याने ते पाहिलं. ‘खो छिन्-पा-रे’ म्हणजेही तो गेला, पण सांगणारा तिथे नव्हता. म्हणून निवेदनात ‘पा-रे’ वारंवार येतं आणि पात्रांच्या तोंडी ‘सोङ्’. कोण बोलतंय, निवेदक की पात्र, हे बऱ्याचदा त्यावरूनच उमगतं. मराठीत हे काम ‘म्हणे’ थोडंफार करतं. तिथे मात्र त्यातून सुटका नाही.

मग आदरार्थी रूपं. नागार्जुन बोलले की क्रियापद ‘सुङ्’, मुलगा त्यांच्याशी बोलला की नम्रतेचं ‘श्यू’, बरोबरीच्यांत साधं ‘लाप्’. पाठ्यपुस्तकातला तक्ता पाठ करून हे बसत नाही. गोष्टीत गुरू आणि पोर समोरासमोर आले की आपोआप बसतं.

रोज एकच गोष्ट, तीच, कंटाळा येईपर्यंत ऐका आणि मोठ्याने सांगून पाहा. संतकवी मिलारेपाचं चरित्र किंवा गेसर राजाचं महाकाव्य यांच्या नादी एवढ्यात लागू नका. त्यांची भाषा रोजच्या बोलण्यापासून लांबची आहे.

वसाहतीत जाऊन एखाद्या आजीकडून गोष्ट ऐकायची असेल तर हिवाळा टाळा. त्या दिवसांत बरीच मंडळी स्वेटर विकायला शहरोशहरी गेलेली असतात. लोसार, म्हणजे त्यांचं नववर्ष, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतं, त्यानंतर जा.