देशमुखीचा वारसा

आपल्या शाळेंतील कोणत्याही वर्गाचा हजेरीपट वाचूं लागलें म्हणजे देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी हीं नांवें वारंवार कानीं पडतात. आज तीं केवळ आडनांवें होत. परंतु एके काळीं तीं अधिकारांचीं नांवें होतीं. एका माणसाचा अधिकार सबंध कुळाचें आडनांव कसा बनला, आणि बाप वारल्यावर तो अधिकार कोणाकडे जात असे, हें विद्यार्थ्यांनीं समजून घेण्यासारखें आहे.

देशमुख म्हणजे परगण्याचा मुख्य वतनदार. ओस पडलेल्या गांवांची लावणी करणें, सरकारसारा वसूल करून देणें, पदरीं शिबंदी बाळगून बंदोबस्त राखणें, हीं त्याचीं कामें. हिशेबाचें दप्तर देशपांड्याकडे असे. गांवापुरतें हेंच काम पाटील व कुळकर्णी करीत. या चाकरीबद्दल इनाम जमीन, वसुलावरील रुसूम आणि मानपान मिळत. या सर्वांस मिळून वतन म्हणत. बहामनी राज्य गेलें, निजामशाही व आदिलशाही बुडाली, मोंगल आले. पण वतनदार बहुधा आपल्या जागींच राहिला. कारण कोणतें शेत कोणाचें व किती पिकतें ही माहिती त्याच्यापाशीं होती, आणि ती नव्या राज्यकर्त्यासही हवीच असे.

आतां वारशाकडे वळूं. वतनांत दोन प्रकारच्या वस्तू असत. जमीन आणि उत्पन्न वांटतां येई. त्यांच्या भावाभावांत तक्षिमा पडत. परंतु शिक्का एकच, कागदावर निशाणी करण्याचा अधिकार एकच, आणि पोळ्याच्या दिवशीं वेशींतून प्रथम निघणारी मानाची बैलजोडीही एकच. अशा न वांटतां येणाऱ्या गोष्टी बहुधा वडील शाखेकडे राहत. धाकटे भाऊ अधिकार चालवीत नसले, तरी वतनांत त्यांचा भाग असल्यामुळें तेही स्वतःस देशमुखच म्हणवीत. अधिकाराचें नांव सर्व कुळास चिकटलें तें असें.

कलहाचें बीजही येथेंच होतें. वडील शाखा कोणती, दत्तक खरा कीं खोटा, यावर तंटे माजत. मग गोतसभा बसे, साक्षी होत आणि निकालाचा महजर लिहिला जाई. जिंकणाऱ्यानें सरकारास हरकी द्यावयाची व हरणाऱ्यानें गुन्हेगारी. म्हणजे भांडण कोणीही जिंको, दोघांच्याही घरांतून पैसा जाई तो जाईच!

वतनाहून खिताब निराळा. वतन कुळाचें, तर खिताब व्यक्तीच्या पराक्रमाचा. आपल्या नांदेड जिल्ह्यांतील माहूरच्या उदाराम देशमुखांच्या घराण्यांतील सावित्रीबाई ही मोंगलांच्या बाजूनें लढली आणि औरंगजेबानें तिला 'रायबागन' हा खिताब दिला. १६६१ सालीं उंबरखिंडींत शिवाजी महाराजांनीं कारतलबखानास कोंडलें, त्या वेळीं ती त्या सैन्यांत होती. हा मान तिला वारशानें मिळाला नव्हता, तो तिनें मिळविला होता. पुढें हैदराबादच्या निजामांच्या राज्यांत जंग, दौला, मुल्क असे चढते खिताब असत. तेही तत्त्वतः ज्याचे त्यालाच. तथापि रूढी बलवत्तर असते. करमाळ्याच्या निंबाळकरांकडे 'रावरंभा' हा खिताब पिढ्यान् पिढ्या चालला.

हा प्रश्न आपल्याच देशापुरता नव्हता. मध्ययुगीन आयर्लंडांतील सरदारी ज्येष्ठ पुत्राकडेच जाईल असा नियम नव्हता. एका पणजाच्या वंशांतील पुरुष भाऊबंदांतून लायक पुरुष निवडीत, आणि नायक जिवंत असतांनाच त्याचा उत्तराधिकारी ठरवीत. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री यानें त्या नायकांना इंग्रजी धर्तीच्या पदव्या देऊन पित्यामागें पुत्र हा क्रम लावण्याचा यत्न केला. १५४२ सालीं कॉन ओनील टायरोनचा अर्ल झाला व मॅथ्यू हा त्याचा वारस ठरला. पण दुसरा पुत्र शेन यास तें मान्य झालें नाहीं. १५५८ सालीं शेनच्या माणसांनीं मॅथ्यूचा वध केला. पुढें १६०८ सालीं इंग्रज न्यायाधीशांनीं ती जुनी निवडीची रीतच बेकायदा ठरविली. लायकी पाहावी तर स्पर्धा माजते, जन्म पाहावा तर नालायकही गादीवर बसतो, अशी ही अडचण आहे.

नांदेड नगरींत १७०८ सालीं या अडचणीचें एक निराळेंच उत्तर मिळालें. श्रीगुरु गोविंदसिंगजींनीं गुरुपद कोणाही व्यक्तीस न देतां ग्रंथसाहिबास दिलें, आणि देहधारी गुरूंची परंपरा तेथें संपली.

देशमुखीचा शेवट मात्र हळूहळू झाला. १८६५ सालच्या सुमारास दिवाण सर सालारजंग यांनीं जिल्हे पाडून पगारी अधिकारी नेमले. देशमुख-देशपांड्यांकडून वसुलीचें काम काढून त्यांना केवळ रुसूम ठेविला. चाकरी गेली, पैसा राहिला. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें व १९४९ सालीं तेथील जहागिरी रद्द झाल्या. १९६२ सालच्या कायद्यानें महाराष्ट्रांतील मुलकी पाटलांचें वंशपरंपरागत पदही संपलें. वतनांत मुलीस सहसा भाग नसे. आज २००५ सालच्या दुरुस्तीमुळें हिंदु एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेंत तिचा हक्क मुलाइतकाच आहे.

मग उरलें काय? नांव उरलें, आणि कित्येक घरांच्या माळ्यावर मोडी कागदांचीं बोचकीं उरलीं. पालकांनीं तीं वाळवीच्या तोंडीं देऊं नयेत. त्यांत केवळ एका घराण्याचा नव्हे, तर सबंध गांवाचा इतिहास असतो. विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत धरावें कीं, वतन हें मूळचें चाकरीचें मोल होतें. चाकरी सुटली तेव्हांच मानाचा पाया ढासळला. पुढील कायद्यांनीं केवळ भिंत उतरविली. पूर्वजांचें नांव आपणांस आयतें मिळतें. त्या नांवास शोभेल असें काम मात्र ज्याचें त्यानेंच करावयाचें असतें.