क्लेमच्या टेबलावरचा एक तास

घाटकोपर असो की मुलुंड, डिस्चार्जच्या दिवशी रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरसमोर ताटकळणं ठरलेलं. डॉक्टर सकाळीच घरी जा म्हणतात, पण विम्याचं अप्रूव्हल काही येत नाही. मे २०२४ मध्ये विमा नियामक 'इर्डाई'ने यावर बंधन घातलं. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. त्याहून उशीर झाल्याने बिल वाढलं, तर जादा रक्कम विमा कंपनीने सोसायची. हा नियम हवाच होता.

पण हा तास पाळायचा कुणी? अंधेरीसारख्या उपनगरातल्या कार्यालयांत स्क्रीनसमोर बसलेल्या क्लेम प्रोसेसरने आणि त्याच्या शेजारच्या डॉक्टरने, जो बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २.६९ कोटी आरोग्य दावे निकाली निघाले. त्यांतले ७२ टक्के टीपीए, म्हणजे विमा कंपन्यांसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थांमार्फत. पावसाळ्यात डेंगी, लेप्टोचे रुग्ण वाढले की पेंडन्सी चढते. शिफ्टमधली माणसं मात्र तेवढीच राहतात.

टीएटी, म्हणजे ठरलेली वेळ, हुकली की वरिष्ठांकडे तक्रार, म्हणजे एस्कलेशन. घाईत जास्त रक्कम मंजूर झाली, तर ऑडिटचा शेरा. दावा नाकारायचा अधिकारही प्रोसेसरचा नाही. त्यासाठी कंपनीच्या समितीची संमती लागते, आणि ते योग्यच आहे. कामाचा रेटा मोठा आणि हातातले अधिकार थोडे, ही जोडी माणसाला सर्वांत जास्त पोखरते, असं अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं.

अशा कोंडीत एकच वाट मोकळी राहते, 'क्वेरी' काढण्याची. इनडोअर केस पेपर पाठवा, बिलाचा ब्रेकअप पाठवा. काही क्वेरी खरोखर गरजेच्या असतात. पण वेळ संपत आल्यावर काढलेली क्वेरी फाइल आपल्या टेबलावरून तेवढी हलवते. वरिष्ठांनी प्रोसेसरवर टाकलेला ताण असा काउंटरसमोरच्या नातेवाइकाच्या वाट्याला येतो. म्हणून हा प्रश्न केवळ नोकरदारांचा नाही.

या ताणात कामाच्या तासांचाही प्रश्न येतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती दहा तासांवर नेण्यास मान्यता दिली. व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षी पदांना हा कायदा लागूच होत नाही. त्यामुळे दिवसभर फाइलीच तपासणाऱ्याच्या हुद्द्यात 'मॅनेजर' हा शब्द आला, की त्याला कायदा लागू होतो का, हा वाद सुरू होतो.

दावे किती वेळात निकाली निघाले, याचा हिशेब इर्डाई कंपन्यांकडून घेते. एका प्रोसेसरकडे दिवसाला किती फाइली आल्या आणि त्यांतल्या किती क्वेरी काढून परत गेल्या, हाही हिशेब तिने घ्यावा आणि जाहीर करावा.