वहीत देव कुठे आहे?

माझी एक वर्गमैत्रीण वसईची, कॅथलिक. जन्मभर परिचारिकेची नोकरी करून आता निवृत्त झाली आहे. तिची ही गोष्ट तिच्या परवानगीनंच सांगते.

काही वर्षांपूर्वी तिनं मला एक दोनशेपानी वही दाखवली. रोज रात्री झोपण्याआधी ती तिच्यात दिवसभराच्या चुका लिहीत असे. 'प्रार्थनेत लक्ष नव्हतं. सासूबाईंना तोडून बोलले. मिस्साला पाच मिनिटं उशीर. आजाऱ्याचा कंटाळा आला.' पानंच्या पानं भरलेली, आणि बहुतेक पानांच्या तळाशी एकच वाक्य: 'मी कमी पडते.'

"तू कवयित्री. तुला वह्यांचं कळतं. हे बरोबर चाललंय ना गं?" तिनं विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही. तिची झोप उडाली होती, आणि आपण त्या योग्यतेच्या नाही असं वाटून कम्युनियन घ्यायला पुढे जाणंही तिनं बंद केलं होतं, हे मला मागाहून समजलं. पुढे मुलाच्या आग्रहानं ती एका समुपदेशक बाईंकडे जाऊ लागली. बाई आधी ही वही बंद करतील, अशी माझी खात्री होती. पण त्यांनी वही चालू ठेवली आणि लिहिण्याची रीत बदलली. त्या रीतीच्या मागे काय आहे हे समजून घ्यावंसं मला वाटलं. तेव्हा जे वाचलं, ते आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

लिहिल्यानं मन हलकं होतं हे आपण सगळेच म्हणतो. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या दोघांनी अमेरिकेत ते तपासून पाहिलं. विद्यार्थ्यांना त्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या एखाद्या जिव्हारी लागलेल्या प्रसंगाविषयी लिहायला सांगितलं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. नंतरच्या असंख्य प्रयोगांत हा लाभ दिसला, पण तो बेताचाच. म्हणजे लेखणी काही जादूची कांडी नव्हे. मैत्रिणीनं तर चार दिवस नाही, चार वर्षं लिहिलं होतं, आणि ती खंगत गेली होती.

याचं उत्तर मला मानसशास्त्राच्या पुस्तकाआधी एका संताच्या चरित्रात सापडलं. इग्नेशियस लोयोला, जेझुइट संघाचे संस्थापक. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला आणि हा शिपाईगडी देवाकडे वळला. मोन्सेरातच्या मठात त्यानं आपली सगळी पापं लिहून काढली. ते पापनिवेदन तीन दिवस चाललं. तरी पुढे मान्रेसा गावी शंका सुरू झाल्या. हे सांगायचं राहिलं का, ते नीट सांगितलं का? एका विद्वान धर्मगुरूनं सल्ला दिला, आठवेल ते सगळं लिहून काढ. त्यानं लिहिलं. काही उपयोग झाला नाही. उलट जीव द्यावा असे विचार येऊ लागले. शेवटी जुनी पापं पुन्हा उकरायची नाहीत असं त्यानं ठरवलं, तेव्हा कुठे सुटका झाली.

या माणसानं पुढे दिवसाच्या आत्मपरीक्षणाची जी पद्धत घालून दिली, ती १५४८ मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात आहे. तिच्या पाच पायऱ्या आहेत. चुकांचा झाडा घेणं ही तिसरी पायरी. पहिली पायरी आहे मिळालेल्याबद्दल देवाचे आभार, आणि दुसरी, स्वतःकडे नीट पाहता यावं म्हणून त्याची मदत मागणं. त्याच पुस्तकात एकेका दोषासाठी रेघांवर टिंबं मांडण्याचीही एक रीत आहे. माझ्या मैत्रिणीनं, आणि माझ्या मते पुष्कळ भाविकांनी, ती टिंबं तेवढी उचलली; आभार राहूनच गेले.

आम्हा मुसलमानांना यात नवल वाटायला नको. स्वतःचा झाडा घेण्याला आमच्याकडे मुहासबा म्हणतात. तुमच्याआमच्या बोलण्यातला 'हिशेब' त्याच धातूतून आला. आणि हिशेब कधी संपतच नाही अशा अवस्थेला वसवसा. वजू करून उठलेला माणूस हात नीट धुतले की नाही या शंकेनं पुन्हा नळाकडे जातो, तो वसवसा. ख्रिस्ती परंपरेत त्यासाठी जो लॅटिन शब्द आहे, त्याचा अर्थ टोकदार बारीक खडा.

आता समुपदेशक बाईंनी काय केलं ते सांगते. घड्याळ लावून पंधरा मिनिटं लिहायचं, जास्त नाही. आधी आज मिळालेली एक गोष्ट लिहायची, तीही बारकाव्यासकट. 'सगळं छान होतं' असं चालणार नाही. शेजारणीनं भाजीचा वाटा दिला, तर भाजी कुठली हेही लिहायचं. चूक लिहायची तर एकच. तिच्याखाली एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं: तुमच्या वॉर्डातल्या नव्या मुलीकडून हे झालं असतं, तर तिला काय म्हणाला असता? मैत्रिणीनं पहिल्यांदा लिहिलं, 'म्हटलं असतं, जा, चहा पिऊन ये.' लिहिलं आणि रडली.

'परिपूर्ण व्हा' या ख्रिस्तवचनाचा धाक तिच्या मनात होता. मूळ ग्रीक शब्दात पूर्ण वाढ होणं, पिकणं हाही अर्थ आहे. हे तिला चर्चमधल्या फादरांनी सांगितलं, बाईंनी नाही. बाई ख्रिस्ती नाहीत. ते फारसं अडत नाही असं दिसतं. १९९२ मध्ये रेबेका प्रॉप्स्ट आणि सहकाऱ्यांनी नैराश्याच्या ५९ धार्मिक रुग्णांवर अभ्यास केला. त्यांच्या श्रद्धेला धरून केलेला उपचार विशेष लागू पडला तो स्वतः धार्मिक नसलेल्या चिकित्सकांच्या हातून. २०१५ मध्ये हॅरल्ड कोएनिग आणि सहकाऱ्यांनी १३२ रुग्णांवर केलेल्या चाचणीत श्रद्धेवर आधारलेला आणि नेहमीचा उपचार एकूण सारखेच उतरले. अतिशय भाविक रुग्णांना पहिला किंचित अधिक मानवला असावा. या उपचाराच्या ख्रिस्ती, ज्यू, मुस्लिम, हिंदू आणि बौद्ध अशा पाच आवृत्त्या तयार केल्या होत्या. मला हा अतिउत्साहाला चाप लावणारा निष्कर्ष आवडतो.

पण वहीत मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते वेगळंच. बायबलमध्ये दीडशे स्तोत्रं आहेत, आणि त्यांतली बरीच तक्रारीची आहेत. त्यांत आधी देवाला हाक, मग गाऱ्हाणं, मग मागणं, आणि शेवटी बहुधा विश्वास. बहुधा म्हणते, कारण अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं. तरीही ते पवित्र ग्रंथात आहे. बाईंनी तिला सांगितलं, असं एक स्तोत्र तुम्ही लिहा.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मैत्रिणीच्या जुन्या वहीत 'मी' होती, 'तू' कुठेच नव्हता. इतकी धार्मिक वही, आणि तिच्यात देवाशी बोललेलं एक वाक्य नाही! स्तोत्रातला माणूस कितीही खचलेला असो, तो समोरच्याला 'तू' म्हणतो. कवितेत एवढ्यानंच सगळं बदलतं हे मला ठाऊक होतं. पण व्याकरण माणसाला झोप मिळवून देईल असं मात्र वाटलं नव्हतं.

देवानं आपल्याला लिहिलेलं पत्र कल्पनेनं लिहावं, असाही एक प्रकार काही ठिकाणी सुचवतात. मला तो जपून वापरण्याजोगा वाटतो. ज्याला लहानपणापासून कमी लेखलं गेलं, त्याच्या कागदावर देवही कडक हेडमास्तरासारखाच बोलायचा. शिवाय ज्यांची शंका आजाराच्या थराला गेलेली असते, त्यांच्यासाठी लिहिणं हाच वजूचा नळ होऊन बसतो. तिथे वही बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञाकडेच जायला हवं. जीव नकोसा होत असेल तर आजच्या आज. २०२२ पासून सरकारची टेली-मानस ही सेवाही आहे, क्रमांक १४४१६.

मैत्रीण आता पुन्हा कम्युनियन घेते. मागच्या भेटीत तिनं नव्या वहीतली लागोपाठची दोन पानं वाचून दाखवली. पहिल्यावर होतं, 'आज मला तुझा राग आला. चांगली माणसं तू लवकर नेतोस.' दुसऱ्या दिवशीची आधी भाजीची ओळ, शेवग्याच्या शेंगांची. आणि खाली, 'काल लिहिलं ते खोडत नाही. तू वाच.'