कॉलेजच्या क्लबात नाव द्यावे का?

बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाची धावपळ संपते आणि इंदूरच्या आपल्या मराठी घरांत दरवर्षी तोच संवाद सुरू होतो. मुलगी विचारते, "आई, नाटकाच्या ग्रुपमध्ये नाव देऊ?" आई म्हणते, "आधी पहिलं सेमेस्टर नीट होऊ दे." मग दुसरे सेमेस्टर येते, तिसरे येते. शेवटच्या वर्षी नोकरीसाठी बायोडेटा लिहायची वेळ आली की लक्षात येते, लिहायला काहीच नाही. मग घाईघाईने दोन-तीन क्लबांत नाव घातले जाते, पण तोवर तिथली कामे वाटली गेलेली असतात.

आमचे मत उलटे आहे. नाव द्यायचे ते पहिल्याच वर्षी, पहिल्याच महिन्यात, आणि एकाच ठिकाणी. पहिल्या वर्षाच्या मुलाला काही येत नसले तरी चालते, किंबहुना ते गृहीतच धरलेले असते.

आता कुठे जायचे? प्रत्येक कॉलेजात सगळे नसते. इंजिनिअरिंगला कोडिंग-रोबोटिक्सचे क्लब, कॉमर्सला वेगळे. पण राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, बहुतेक कॉलेजांत आहे आणि आपल्या घरांत तिच्याबद्दलच जास्त गैरसमज आहेत. 'झाडू मारायला नेतात' एवढेच आपण ऐकलेले असते. ही योजना 1969 मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास, असे दोन वर्षांत 240 तास काम करायचे असते. त्याशिवाय सात दिवसांचे निवासी शिबिर, बहुधा एखाद्या खेड्यात. पहाटे उठणे, श्रमदान, दुपारी व्याख्यान किंवा घरोघरी पाहणी, संध्याकाळी सांस्कृतिक कार्यक्रम. स्वयंपाकाच्याही पाळ्या लागतात. आमच्या ओळखीच्या एका घरातील मुलाने पहिल्यांदा चाळीस जणांची पोहे-चहाची जबाबदारी घेतली ती अशा शिबिरात. घरी पाण्याचा ग्लास उचलत नसे, हे त्याच्या आजीचे म्हणणे.

या शिबिराचा संमतीपत्राचा कागद घरी येतो तेव्हा खरी अडचण होते. मुलग्याच्या कागदावर सही लगेच होते, मुलीचा कागद फ्रिजवर तसाच राहतो. काळजी आम्हालाही कळते. पण 'नाही' म्हणण्याआधी कार्यक्रम अधिकारी असलेल्या प्राध्यापकांना भेटा. मुक्काम कुठे, सोबत शिक्षिका कोण, रात्रीची व्यवस्था काय, हे सरळ विचारा. विचारल्याचा राग कुणाला येत नाही. उत्तर समाधानकारक नसेल तर नकार द्या, पण न विचारता देऊ नका.

एनसीसीचे गणित थोडे निराळे आहे. तिथे परेड, हजेरी आणि शिबिरे यांना पर्याय नाही. 'बी' आणि पुढे 'सी' प्रमाणपत्राची परीक्षा असते. 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळाले आणि पदवीला पुरेसे गुण असले, तर सैन्यात अधिकारी होण्यासाठी एनसीसी स्पेशल एंट्रीची वाट आहे. तिच्यात लेखी परीक्षा नसते, थेट एसएसबीची मुलाखत. मात्र वयाची अट असते, ती आधी पाहून घ्यावी.

आणि नाटक. हा आपला जिव्हाळ्याचा विषय, म्हणून थोडे सविस्तर. युवा उत्सवाच्या फेऱ्या कॉलेजापासून विद्यापीठापर्यंत जातात आणि चांगला संघ पुढे आंतरविद्यापीठ महोत्सवाच्या मध्य विभागात पोचतो. तिथे एकांकिकेला साधारण 30 मिनिटे, प्रहसनाला 10, मूकाभिनयाला 5 मिनिटे मिळतात. वेळ घड्याळावर मोजतात, त्यामुळे सेट लावणारा आणि काढणारा मुलगा नटाइतकाच मोलाचा ठरतो. नव्या मुलांना भूमिका मिळत नाही म्हणून ती हिरमुसतात. पालकही विचारतात, "मग तू करतोस काय तिथे?" तो दिवे सांभाळतो, प्रॉम्प्टिंग करतो, भाड्याच्या कपड्यांचा हिशेब ठेवतो. तालमी बहुधा हिंदीतून होतात. घरात मराठी, वर्गात इंग्रजी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्या आपल्या मुलांना ही अडचण नाही, उलट उच्चार तपासून घ्यायची सवय लागते.

अभ्यासाचे काय, हा प्रश्न रास्त आहे. बऱ्याच कॉलेजांत 75 टक्के हजेरीची अट असते. स्पर्धा-शिबिरासाठी तास बुडणार असतील तर प्रभारी शिक्षकांकडून पत्र आधीच घ्यावे, सेमेस्टरच्या शेवटी कुणी ऐकत नाही. आणि एखाद्या क्लबात वर्षभर सीनियरांची कामेच करायला लावत असतील, अपमान होत असेल, तर ते सहन करू नये. रॅगिंगबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2009 चे नियम आहेत, कॉलेजात समिती असते, आणि 1800-180-5522 ही हेल्पलाइन आहे.

राहिली तालमीची जागा. कॉलेज संध्याकाळी बंद होते आणि मुले कुणाच्या तरी गच्चीवर जमतात, मग शेजारी ओरडतात. मंडळाच्या कार्यकारिणीने ठरवले आहे की सभासदांच्या मुलांना व त्यांच्या मित्रांना, भाषा कोणतीही असो, रविवारी सकाळी सभागृह तालमीसाठी मोफत मिळेल. आदल्या दिवशी कार्यालयात नाव लिहून किल्ली न्यावी. पंखे बंद करून जावे, एवढीच अट.