सिरॅमिक कॅपखालचे सिमेंट

सिरॅमिकची कॅप किंवा समोरच्या दातांवरचे पातळ व्हिनियर दाताला घट्ट धरून ठेवते ते रेझिन सिमेंट. लावताना ते दाट लेपासारखे असते. त्यातले मोनोमर म्हणजे सुटे लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या झाल्या, की ते कडक होते. बहुतेक सिमेंटमध्ये ही क्रिया कॅम्फरक्विनोन हे द्रव्य सुरू करते. सुमारे 470 नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश ते सर्वाधिक शोषते. म्हणून दंतवैद्य निळा दिवा वापरतात.

अडचण अशी, की सिमेंट सिरॅमिकच्या खाली असते आणि दिवा वर. वाटेत काही प्रकाश पृष्ठभागावरून परततो, काही आतल्या स्फटिकांवर आपटून विखुरतो, तर काही रंगद्रव्ये शोषून घेतात. जाडीचा प्रत्येक थर उरलेल्या प्रकाशातला काही वाटा अडवतो. त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरच्या व्हिनियरखाली भरपूर प्रकाश पोहोचतो, पण दोन मिलिमीटरच्या कॅपखाली फारच थोडा. गडद आणि अपारदर्शक छटा तो आणखी घटवतात. लिथियम डायसिलिकेटची पारदर्शक सिरॅमिके तुलनेने प्रकाश जाऊ देतात. नेहमीची झिर्कोनिया बरीच अपारदर्शक असते.

प्रकाश कमी पडला, तर मोनोमरचा मोठा हिस्सा न जुळता राहतो. असे सिमेंट मऊ राहते, लाळेत हळूहळू झिजते आणि कडेला डाग धरते. फटीतून जंतू शिरून कॅपखाली कीड लागू शकते, दात ठणकू शकतो किंवा कॅपच निघून येते.

म्हणून सिमेंटची निवड सिरॅमिक पाहून करावी लागते. पातळ व्हिनियरसाठी केवळ प्रकाशाने घट्ट होणारे सिमेंट चालते, शिवाय त्याचा रंगही जास्त टिकतो. जाड किंवा अपारदर्शक कॅपसाठी दुहेरी पद्धतीचे सिमेंट घेतात. त्याचे दोन भाग मिसळताच बेंझॉइल पेरॉक्साइड आणि अमाइन यांच्यातली रासायनिक क्रिया सुरू होते आणि अंधारातही चालू राहते. मात्र यातल्या अमाइनमुळे काळाने पिवळसर झाक येऊ शकते. शिवाय अशी बहुतेक सिमेंटेही प्रकाश मिळाल्यास अधिक पक्की होतात, त्यामुळे दिवा टाळता येत नाही.

सिरॅमिकला सिमेंट चिकटावे यासाठीची तयारीही वेगळी असते. काच असलेल्या सिरॅमिकची आतली बाजू हायड्रोफ्लोरिक आम्लाने खरखरीत करून तिच्यावर सिलेन हे जोडणारे द्रव्य लावतात. झिर्कोनियात काच नसल्याने ते आम्ल तिथे निरुपयोगी ठरते. तिच्यावर हलका वाळूचा मारा करून एमडीपी हे फॉस्फेटयुक्त मोनोमर वापरतात.

उरलेले काम दिव्याचे. त्याचे टोक कॅपच्या अगदी जवळ धरावे, प्रत्येक बाजूने स्वतंत्रपणे प्रकाश द्यावा, जाड कॅपसाठी वेळ वाढवावा आणि दिव्याची तीव्रता रेडिओमीटरने अधूनमधून तपासावी. कॅप कितीही महाग असली, तरी ती टिकणार की नाही हे बऱ्याच अंशी तिच्याखाली पोहोचलेल्या प्रकाशावर अवलंबून असते. तिथे वाचवलेले काही सेकंद पुढे रुग्णालाच महागात पडतात.