दुकान बंद, अ‍ॅटम चालू

दोस्तांनो, चिखले गाव तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलंय? डहाणूला गाडीतून उतरायचं, समुद्र डाव्या हाताला ठेवायचा आणि बोर्डीच्या रस्त्याला लागायचं. आधी नरपड, मग चिखले, पुढे घोलवड. सुरूची झाडं, लांबलचक किनारा आणि चिकूच्या वाड्या. इथल्या चिकूला २०१६ साली ‘डहाणू घोलवड चिकू’ या नावाने भौगोलिक मानांकनही मिळालं. गेल्या मे महिन्यात मी तिथे बहिणीकडे गेलो तो चिकू खायलाच (खोटं कशाला बोलू?), पण आठ दिवस बसलो कॉम्प्युटरसमोर!

त्याचं असं झालं. माझ्या भाचीच्या आजोबांची एक जाडजूड वही आहे. पाऊस कधी आला, विहिरीला पाणी किती, वाडीतून किती चिकू उतरला, असं सगळं त्यांनी वर्षानुवर्षं त्यात लिहून ठेवलं. पण वहीला वाळवी लागली आणि सुरुवातीची काही पानं पार चाळणी झाली. भाचीच्या काकांनी वीसेक वर्षांपूर्वी नेमकी तीच पानं हौसेने कॉम्प्युटरवर टाईप केली होती. ती फाईल सापडली, तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. फाईल उघडली आणि आनंद मावळला. पडद्यावर एकही मराठी अक्षर नाही! नुसता रोमन अक्षरांचा आणि कंसांचा सडा.

“मामा, फाईल खराब झाली का रे?” भाचीने विचारलं. यंदा नववीत गेली, पण डोळ्यांत पाणी यायला वेळ लागत नाही.

फाईल खराब झालेली नव्हती. ते कोडं होतं, आणि ते सोडवायला एक चांगला टेक्स्ट एडिटर हवा होता. टेक्स्ट एडिटर म्हणजे साधा मजकूर लिहिण्याचा, शोधण्याचा आणि बदलण्याचा प्रोग्रॅम. भाचीकडे वाचनालयातून आणलेलं कॉम्प्युटरचं एक पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं, ‘अ‍ॅटम नावाचा एडिटर उतरवून घ्या.’ तिने शोधलं आणि धावत आली, “मामा, अ‍ॅटम तर बंद झालाय!”

खरंच झालाय. अ‍ॅटम बनवला गिटहब या अमेरिकन कंपनीने. ६ मे २०१४ रोजी त्यांनी त्याचा सगळा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमची पाककृतीच म्हणा ना, जगाला खुली केली. कुणीही बघा, नक्कल करा, बदला, वाटा. पुढे २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहब विकत घेतली. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा एडिटर होताच, आणि तोही अ‍ॅटमसाठी तयार झालेल्या इलेक्ट्रॉन या सांगाड्यावर उभा! जून २०२२ मध्ये गिटहबने अ‍ॅटम बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि १५ डिसेंबर २०२२ ला त्याचं भांडार ‘अर्काइव्ह’ केलं. अर्काइव्ह म्हणजे पुसून टाकलं नाही. काचेच्या कपाटात ठेवलं. बघता येतं, उतरवून घेता येतं, पण आता त्यात कुणी दुरुस्ती करत नाही.

“मग घ्यायचा की नाही?” भाचीचा रोकडा सवाल.

घेतला. पण डोळे उघडे ठेवून. पहिली गोष्ट, कोणती आवृत्ती घ्यायची? आम्ही १.६० घेतली. नंतरच्या १.६३.० आणि १.६३.१ या आवृत्त्या टाळायच्या, कारण गिटहबच्या भांडारात कुणीतरी चोरून शिरलं आणि त्यामुळे त्या आवृत्त्यांवरची कंपनीची डिजिटल सही २ फेब्रुवारी २०२३ ला रद्द करावी लागली. जुन्या आवृत्तीवर परत जा, असं तेव्हा कंपनीनेच सांगितलं. दुसरी गोष्ट, फाईल अ‍ॅटमच्या मूळ भांडारातूनच घ्यायची. ‘फुकट डाउनलोड’ अशी पाटी लावलेल्या कुठल्याही साइटवरून नाही! बंद पडलेल्या दुकानाच्या नावाने रस्त्यावर कोण काय विकत बसेल, सांगता येत नाही.

भाचीच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. फाईल उतरवली, तिच्यावर दोनदा टिचकी मारली, पासवर्ड दिला, झालं. अ‍ॅटम पहिल्यांदा उघडला की विचारतो, तुमच्या वापराची माहिती आमच्याकडे पाठवू का? आम्ही ‘नाही’ म्हटलं. तसंही पलीकडे आता ऐकायला कोण बसलंय? जोडपॅकेजं मिळण्याची जागाही बंद झाली आहे, त्यामुळे पुस्तकातला ‘हे पॅकेज टाका, ते पॅकेज टाका’ हा धडा सोडून द्यावा लागला. आम्हाला त्याची गरजही पडली नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन ओळींतलं अंतर तेवढं वाढवलं, म्हणजे वेलांट्या आणि उकार एकमेकांच्या अंगावर येत नाहीत.

मग भाचीला म्हटलं, काकांच्या फाईलला हात लावण्याआधी स्वतः एक शब्द लिही. तिने गावाचंच नाव लिहिलं. चिखले. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर पाच कळा लागतात: च, मग ऱ्हस्व वेलांटी, ख, ल आणि मात्रा. गंमत बघा, आपण वेलांटी च च्या आधी काढतो, पण इथे ती नंतर दाबायची. कारण युनिकोडमध्ये अक्षरं बोलण्याच्या क्रमाने साठवतात. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला नंबर देणारी यादी. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी तिच्यात आहे. च चा नंबर २३३०, ऱ्हस्व वेलांटीचा २३६७.

अ‍ॅटमच्या तळाशी उजवीकडे ‘यूटीएफ-८’ असं दिसतं. ही ते नंबर साठवण्याची पद्धत. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पाच त्रिक पंधरा. म्हणजे फाईल १५ बाइटची व्हायला हवी ना? भाचीने पाहिलं तर १६! एक बाइट जास्त आला कुठून? तर अ‍ॅटम फाईल साठवताना शेवटी ‘नवी ओळ’ हे न दिसणारं चिन्ह स्वतःहून लावतो. विंडोजवर नव्या ओळीला दोन बाइट लागतात, त्यामुळे तिथे १७ दिसले तर घाबरू नका. करून बघाच घरी.

आता काकांची फाईल. युनिकोड घरोघरी पोचण्याआधी मराठी टाईप करायला एक वेगळीच युक्ती असे. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी तुकड्यांची चित्रं बसवलेले फॉन्ट! उदाहरणार्थ, कृतिदेव फॉन्टमध्ये ‘चिखले’ लिहायचं तर एफ, पी, चौकोनी कंस, के, वाय, एस. एफच्या जागी वेलांटी, पीच्या जागी च, चौकोनी कंस म्हणजे अर्धा ख, के म्हणजे काना, वाय म्हणजे ल, एस म्हणजे मात्रा. फॉन्ट असेपर्यंत पडद्यावर सुंदर मराठी. फॉन्ट हरवला की उरतात फक्त रोमन अक्षरं. काकांची फाईल अशाच जातीच्या फॉन्टमधली होती.

आधी अ‍ॅटमच्या तळाशी यूटीएफ-८ वर टिचकी मारून ‘वेस्टर्न, विंडोज १२५२’ ही जुनी पद्धत निवडली, तेव्हा मजकुरातली चौकटीतली प्रश्नचिन्हं गेली. मग सगळा मजकूर नव्या यूटीएफ-८ फाईलमध्ये घेतला. (मूळ फाईलला हात लावायचा नाही! तिची नक्कल पेनड्राइव्हवर ठेवली होती ती वेगळीच.) आणि सुरू केलं ‘शोधा आणि बदला’.

इथे क्रम चुकला की घात होतो. आम्ही पहिल्यांदा चुकलोच. के म्हणजे काना, म्हणून भाचीने सगळे के बदलले, आणि ख, भ, ध, श यांचे तुकडे तुकडे झाले. कारण या फॉन्टमध्ये ती अक्षरं अर्धं अक्षर अधिक काना अशी दोन कळांची आहेत. कंट्रोल-झेड! मग आधी दोन कळांची अक्षरं बदलली. त्यानंतर वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये ती दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी साठवलेली असते, तर युनिकोडला ती नंतर हवी. अ‍ॅटमच्या शोधपट्टीत रेग्युलर एक्सप्रेशन नावाची सोय आहे. तिला सांगता येतं, ‘एफ आणि त्यापुढचं कुठलंही एक अक्षर यांची अदलाबदल कर.’ एका फटक्यात शेकडो वेलांट्या जागेवर! बाकीची अक्षरं मग एकेक करून बदलली. पडद्यावर मराठी उगवायला लागलं तसे आजोबा खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले.

अर्थात जोडाक्षरांनी छळलंच. ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी स् आणि थ यांच्या मधोमध जाऊन पडली. रफारांचीही तीच तऱ्हा. ते सगळं हाताने, एकेक शब्द वाचत दुरुस्त करावं लागलं. वाळवीने खाल्लेल्या पानांवर ताडून बघायला काही नव्हतं, तिथे आजोबांची आठवण हेच पुस्तक. “विहीर दोन हात,” ते डोळे मिटून सांगायचे, “त्या साली पाऊस लांबला होता.”

तुम्हीही अ‍ॅटम घ्यावा का? नुसता निबंध लिहायचा असेल तर नको. जड आहे, जुन्या मशीनवर रखडत उघडतो. शिवाय त्याच्या पोटात एक जुना ब्राउझर आहे. त्याच्यात सापडणारी भोकं आता कुणी बुजवत नाही, म्हणून अनोळखी पॅकेजं आणि फाईली त्यात उघडू नयेत. मला विचाराल तर नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी ‘पल्सार’ घ्यावा. अ‍ॅटम बंद होणार म्हटल्यावर त्याचा खुला कोड घेऊन काही जणांनी तो पुढे चालवला, तोच हा पल्सार. दिसायला अगदी अ‍ॅटमसारखा, आणि पॅकेजांची सोयही त्यांनी स्वतःची उभी केली आहे. पाककृती खुली नसती तर हे जमलं नसतं.

मी निघालो त्या दिवशी भाचीने वर्षवार फाईली करून एका फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या. कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबून तिने ‘पहिला पाऊस’ एवढंच शोधलं आणि साऱ्या फाईलींतल्या ओळी एकाखाली एक येऊन उभ्या राहिल्या. आजोबा चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “ही चौथी ओळ चुकलीय. त्या साली पाऊस रात्री आला होता, तुझ्या काकाने सकाळ लिहिलंय.”

भाचीने कर्सर तिथे नेला.